झालेली आणि राहिलेली

जूनचा पहिला आठवडा होता. चाकरमानी मुंबईला परतले होते, पाऊस यायचा होता आणि मामाच्या ओटीवर रतांब्यांच्या दोन पाट्या फोडायच्या राहिल्या होत्या. माझी अकरा वर्षांची लेक वाडीभर फिरून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आजोबा, इथली मुलं कुठं गेली?"

गुहागर तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मामा १९७० साली मास्तर म्हणून लागला. मध्ये बदल्यांवर फिरला आणि २००७ साली इथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. लागला तेव्हा पटावर ६२ नावं होती. यंदा तीन आहेत, आणि पहिलीत कुणीच नाही. शाळा मोठ्या शाळेत विलीन करायची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. हे सगळं पोटात असलेला माणूस साध्या प्रश्नाला साधं उत्तर देत नाही.

"तुझ्या आजीला विचार," तो म्हणाला. "तिनं आणि तिच्या खात्यानं पाळणे थांबवले."

आजी म्हणजे माझी आई, मामाची धाकटी बहीण. १९७५ साली, एकविसाव्या वर्षी, ती घाटावर नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडच्या बाजूला. तिथल्या वाड्यावस्त्यांवर ती सदतीस वर्षं फिरली, आधी पायी, मग सायकलनं, मग लुनावर. तिच्या पिशवीत पात्र जोडप्यांची नोंदवही असायची. मामाच्या टेबलावर दर दहा वर्षांनी जनगणनेचे फॉर्म यायचे. दोघांनी उभा जन्म माणसं मोजली. त्या दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत ती दोघं भांडत राहिली आणि एका लेकरावर थांबलेली मी मधे बसून रतांबे फोडत होते.

"दादा, पाळणे थांबले म्हणून तुझं गाव ओस पडलं नाही," आई म्हणाली. "तुझी पोरं विरारला आहेत, बदलापूरला आहेत, हिच्या डोंबिवलीत आहेत. इथं जन्मायची ती तिथं जन्मली."

हा मुद्दा मामाला नवा नाही. आकडे त्यालाच जास्त पाठ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. इथं मुली जास्त जन्मतात असं नाही, कमावते पुरुष दुसरीकडे मोजले जातात एवढंच. त्यानंतरचं काही खात्रीनं सांगता येत नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. मामाला याचं फार वाईट वाटतं. घरात कुणाचा वाढदिवस विसरला जावा तसं.

"गिरण्या उघडल्या तेव्हापासून कोकणातला माणूस मुंबईला जातोय," तो म्हणाला. "बाबा परळला गिरणीत होतेच की. पण तेव्हा पुरुष जायचा आणि बायको-पोरं इथं राहायची. मनिऑर्डर यायची, तिच्यावर घर चालायचं आणि शाळा भरायची. आता जोडपं जातं. जातं ते जातं, आणि तिथं एकावर थांबतं. वरच्या घरातले चौघे भाऊ विरारला आहेत. चौघांची मिळून पाच पोरं. शाळा इथली काय नि तिथली काय, भरणार कुठून?"

त्यातही तो चुकीचं बोलत नव्हता. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.८६ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ती १.७ झाली, गोव्यात तर १.३. आई-बापांच्या जागी तेवढीच माणसं यायची तर एका बाईला २.१ मुलं व्हावी लागतात. वरचं ते ०.१ अशासाठी की मुली मुलग्यांपेक्षा जराशा कमी जन्मतात आणि त्यांतल्या काही आई होण्याआधीच जातात. महाराष्ट्र ही रेघ ओलांडून खाली उतरला त्याला आता बरीच वर्षं झाली.

"पण हे आम्ही केलं असं म्हणून तू खात्याला फार मोठं करतोस," आई म्हणाली. "सरकारला जमलं असतं तर ते शहात्तर सालीच झालं असतं."

आणीबाणीतलं ते शहात्तर साल निघालं की ही दोघं आवाज खाली आणतात. मी लहानपणापासून पाहते आहे. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारतातर्फे करण सिंह यांनी सांगितलं होतं की विकास हेच उत्तम संततिनियमन. दोनच वर्षांनी त्यांनीच आरोग्यमंत्री म्हणून जे लोकसंख्या धोरण आणलं, त्यात विकासाची वाट पाहायला वेळ नाही असा सूर होता. सक्तीच्या कायद्याची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या.

"आम्हा मास्तरांनाही केस आणायला सांगितलं होतं," मामा म्हणाला. "कागदावर नव्हे, तोंडी. आमच्याकडे एक गडी कामाला यायचा. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली. त्याला मी घेऊन गेलो. माझी केस मोजली गेली. त्याला काही रुपये मिळाले आणि आठ दिवस त्याला झाडावर चढता आलं नाही. त्या ऑपरेशननं जगातलं एक मूलसुद्धा कमी झालं नाही, बाय. पण आकड्यात तो आहे."

"मी नवीन होते," आई म्हणाली. "मला वाटायचं, देश बुडतोय आणि आपण वाचवतोय."

मग तिनं ती गोष्ट सांगितली. मला अर्धीमुर्धी ठाऊक होती, माझ्या लेकीला मुळीच नव्हती. त्या वर्षी तिनं एका बाईला शिबिरात नेलं. वय असेल तेवीस-चोवीस. दोन मुलगे, मोठा चार वर्षांचा, धाकटा दीड. ती बाई नाही म्हणत नव्हती, पण तिनं आईला एकच विचारलं होतं, "सिस्टर, ही दोन राहतील ना?" आई म्हणाली, राहतील. पुढच्या उन्हाळ्यात त्या वस्तीवर गोवर आला आणि धाकटा गेला. आई भेटायला गेली तेव्हा बाई विहिरीवर होती. ती काही बोलली नाही. तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि आईकडं न पाहता चालायला लागली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "गोवराची लस आमच्या पेटीत यायला अजून आठ-दहा वर्षं होती. तोवर मी कुणालाही 'राहतील' म्हणाले नाही. लस आल्यावरही आधी लेकरांचं कार्ड बघायचे, आणि मग आईच्या ऑपरेशनचा विषय काढायचे. वरून टार्गेट यायचं, पत्रं यायची, मीटिंगमध्ये उभं करून विचारायचे. पण जिची लेकरं धड जगलेली नाहीत तिला पाळणा थांबव असं सांगायला माझी जीभ वळेना."

तिला जामखेडनं शहाणं केलं असं ती म्हणते. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांनाच त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. वाहत्या जुलाबाला मीठ-साखर-पाणी, बाळंतपणात स्वच्छ नाळ कापणं, रांगत्या लेकराचं वजन. संततिनियमन होतंच, पण या सगळ्यात मिसळलेलं. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली तिथं हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची आणि लोकसंख्येच्या हजारी ४० जन्म व्हायचे. १९९३ पर्यंत दगावणाऱ्यांचा आकडा १९ वर आला आणि जन्म हजारी २० वर. दोन्ही रेघा जोडीनं उतरल्या, पण पहिली आधी उतरायला लागली, हे आई बोटानं हवेत रेघा काढून दाखवते.

"मूल राहणार अशी खात्री झाली की बाई आपणहून थांबते. बास. एवढंच आहे ते," ती म्हणाली.

"एवढंच नाही," मामा म्हणाला. "फ्रान्सचं काय करशील?"

मामा इतिहास शिकवायचा. फ्रान्समध्ये जननदर अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरणीला लागला. तेव्हा तिथं ना तांबी होती, ना गोळी, आणि बाळं तर अजून ढीगभर मरत होती. म्हणजे बाळं जगल्यावाचूनही माणसं मुलं कमी करतात. शेतजमिनीचे तुकडे नकोत म्हणून असेल, धर्माचा धाक ओसरला म्हणून असेल. अभ्यासकांत अजून वाद आहे.

"फ्रान्सच्या बायांना मी भेटले नाही," आई म्हणाली. "मला जामखेडच्या ठाऊक आहेत."

"मग घरातली सांगतो. एक्क्याऐंशी साल आठव."

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या घरात हे फार वेळा बोललं गेलेलं नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये मामा जनगणनेचा प्रगणक होता आणि ही वाडी त्याच्याच वाट्याला आली होती. त्या वर्षी विवाहित बायकांना विचारायच्या प्रश्नांत दोन रकाने होते: आजवर झालेली मुलं किती आणि हयात किती. आपल्या घरी आला तेव्हा त्यानं आजीलाही विचारलं. नियम तो नियम. आजी तेव्हा एकसष्ट वर्षांची. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "झाली आठ. राहिली चार."

मामाला सहाच ठाऊक होती. सगळ्यांत मोठी ताई पटकीनं गेलेली आणि एक भाऊ धनुर्वातानं, पाचवी पुजायच्या आत. आणखी दोन होती, त्याच्या जन्माआधीची, हे त्याला सरकारी फॉर्म भरताना कळलं. बत्तीस वर्षं तो त्या घरात वाढला होता.

"अष्टपुत्रा सौभाग्यवती भव म्हणायचे ना नवरीला," आई हळूच म्हणाली. "आशीर्वाद देणाऱ्यांना हिशेब कळत होता. आठ मागितली तर चार राहतील."

गेल्या शतकातली आपली लोकसंख्या का वाढली, हे मला त्या दोन रकान्यांइतकं सोपं करून दुसऱ्या कशानंच सांगितलेलं नाही. आजीचा जन्म १९२० चा. त्याआधीच्या दहा वर्षांत हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य जेमतेम वीस वर्षांचं होतं. १९१८ ची मानमोडीची साथ एक कोटीहून खूप जास्त माणसं घेऊन गेली. १९११ च्या जनगणनेत देशात २५ कोटी २० लाख माणसं होती, १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख. बाया पूर्वीसारख्याच बाळंत होत होत्या, आणि तरी देश जागच्या जागी होता. पुढं दुष्काळात माणसं मरायची थांबत गेली, पटकी-प्लेग मागे हटले, देवी गेल्या, हिवताप आवरला गेला. जन्म तेवढेच राहिले आणि राहणारी वाढली. १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, २०११ मध्ये १२१ कोटी. माणसं जास्त मुलं जन्माला घालायला लागली म्हणून हे झालं नाही. आठातली आठ राहायला लागली, आणि आठावर थांबायची सवय मोडायला एक-दोन पिढ्या गेल्या. त्या एक-दोन पिढ्यांना आपण 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणालो. मला तो शब्द आवडत नाही. स्फोट म्हणजे काहीतरी बिघडतं. इथं लेकरं वाचली होती.

"बघ, तूच माझं म्हणणं सिद्ध केलंस," आई मामाला म्हणाली. "आईची चार गेली म्हणून तिनं आठ केली. माझी दोन्ही राहतील हे मला ठाऊक होतं म्हणून मी दोनवर ऑपरेशन केलं."

"अगो, पण तुला दोनच का हवी होती, ते सांग की. चार राहिली असती तरी तुला चार चालली नसती."

आई गप्प झाली, म्हणून मामा पुढं बोलला. सत्तर साली त्याच्या वर्गातला मुलगा सकाळी गुरं सोडून शाळेत यायचा, दुपारी कवळ तोडायला जायचा आणि बाराव्या वर्षी मुंबईला कुणाच्या तरी खानावळीत लागायचा. पोर म्हणजे दोन हात. म्हातारपणी तेच हात आपल्याला धरतील ही आशा. मग शाळा चौथीवरून सातवीवर गेली, हायस्कूल आलं, मग बारावी, मग आयटीआय, मग इंजिनिअरिंग. पोराकडून घरात येणारा पैसा उलटा वाहायला लागला, घरातून पोराकडं. "पट कमी व्हायला सुरुवात शाळेमुळंच झाली," तो म्हणाला. "मी स्वतः घरोघर जाऊन सांगायचो, पोराला कामाला लावू नका, शिकवा. ज्यानं ऐकलं त्यानं पुढचं पोर केलं नाही. माझी शाळा मीच रिकामी केली म्हण."

हेच ऑस्ट्रेलियाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७६ साली मांडलं होतं: संपत्तीचा ओघ लेकरांकडून आई-बापांकडं असतो तोवर जास्त मुलं परवडतात, आणि तो फिरला की कमी. मामानं काल्डवेल वाचलेले नाहीत. त्यानं गुरं राखणारी पोरं पाहिली आहेत.

आईनं मान डोलावली, पण हार मानली नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तिच्या भागात होती. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मोठी पोरगी फडावर धाकट्यांना सांभाळते, शाळा बुडते ती बुडतेच. "त्या घरांत ओघ फिरलेला नाही दादा, अजून नाही. तरी त्यांनी मुलं कमी केली. का? बाया पिचल्या होत्या. दर वर्षी फडावर बाळंत व्हायचं, दुसऱ्या दिवशी मोळी उचलायची. ऑपरेशन त्यांनी मागून घेतलं."

"मागून घेतलं, का मुलगा झाल्यावर परवानगी मिळाली?" मामानं विचारलं.

भांडणातला हा भाग मला सर्वांत जड गेला. आईलाही गेला असावा, कारण सुरी खाली ठेवून ती बराच वेळ हाताला लागलेला लाल रस पुसत राहिली.

जपान किंवा दक्षिण कोरियात अलीकडे जननदर उतरला तो लग्नं लांबली म्हणून, न केली गेली म्हणून. कोरियात २०२३ साली तो ०.७२ होता. आपल्याकडं तसं झालं नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यातली मुलगी अठराव्या वर्षी, पुष्कळदा त्याआधीच, लग्न करते, बाविशीच्या आत दोन बाळंतपणं उरकते आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन होऊन मोकळी होते. मधल्या काळात पाळणा लांबवायची साधनं तिच्यापर्यंत क्वचितच पोचतात. आधी अंतर नाही, मग एकदम पूर्णविराम. पाचव्या सर्वेक्षणानुसार राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. देशभरात पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे. आणीबाणीनंतर पुरुष या कार्यक्रमातून उठून गेले ते परत आले नाहीत, आणि सगळं ओझं बायकांच्या पोटावर आलं. आणि पूर्णविराम कधी द्यायचा, हे मुलगा झाला का यावर ठरत गेलं. सोनोग्राफीनं ते आणखी सोपं केलं. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, आणि तरी २०११ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली.

"मुलं कमी झाली म्हणजे बाई मोकळी झाली, असं तू म्हणत होतीस," मामा म्हणाला.

"मोकळी झाली असं म्हणाले नाही मी. जिवंत राहिली म्हणाले." आईचा आवाज चढला होता. "आपल्या आईच्या वेळी गावात दर वर्षी बाळंतपणात एखादी जायची. ते तुझ्या फॉर्ममध्ये नव्हतं. आठ बाळंतपणं म्हणजे आठ वेळा जीव पणाला. दोन म्हणजे दोन वेळा. मुलगा हवा हे मला मोडता आलं नाही, ते कबूल. पण उरलेली सहा मी वाचवली."

मामानं मग र. धों. कर्व्यांचं नाव काढलं. कर्वे घराणं मुरुडचं, दापोली तालुक्यातलं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं घरचंच. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि या कामापायी खटले आणि नोकरीचं नुकसान सोसलं. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला आणि फेटाळला गेला. मामाचं म्हणणं, या माणसांनी बाईच्या प्रकृतीचा आणि तिच्या इच्छेचा विचार केला होता. देशाची डोकी मोजून ती कमी करायची हा पुढचा, सरकारी विचार. १९५२ साली भारतानं जगात सर्वांत आधी सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा कर्व्यांचं साधन घेतलं आणि कारण बदललं.

मला हे पटलं. आईलाही पटलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "शहाण्णव साली टार्गेटं काढली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते."

माझ्या लेकीला मधेच शंका आली. दोन-दोनच मुलं होतात तर शहरात माणसं वाढतात कशी? आईनं तिला आमचंच घर मोजायला लावलं. पणजीची चार राहिली. त्या चौघांनी प्रत्येकी दोन केली, म्हणजे आठ. कुणी नियम मोडला नाही, तरी चाराची आठ झाली, कारण चौघांना जोडीदार बाहेरून आले आणि आधीची पिढीच मोठी होती. वर पणजी एक्क्याण्णव वर्षं जगली. तिन्ही पिढ्या एका वेळी हयात. तरुणांची मोठी पिढी आई-बाप होऊन सरेपर्यंत माणसं वाढतच राहतात, ब्रेक लावल्यावरही एसटी उतारावर काही अंतर जाते तशी. लेकीनं बोटं मोजली आणि म्हणाली, "आणि त्या आठांची?" कुणी सांगितलं नाही. त्या आठांची आजवर नऊ आहेत, आणि आता आणखी कुणी होणार नाही.

संध्याकाळी बातम्यांत कुणीतरी तीन मुलांचं आवाहन करत होतं. गेली काही वर्षं असे सूर वेगवेगळ्या बाजूंनी येतात. महाराष्ट्रात २००१ पासून दोनहून अधिक मुलं असलेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्र प्रदेशानं असाच नियम २०२४ मध्ये उठवला. लोकसभेच्या जागांचा हिशेब १९७१ च्या जनगणनेवर थांबवून ठेवला होता, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं नुकसान नको म्हणून. आता तो थांबा उठायच्या वेळी दक्षिणेत काळजी आहे. मामानं टीव्ही बंद केला.

"पन्नास वर्षांपूर्वी बाईला सांगत होते, देशासाठी थांब. आता सांगतील, देशासाठी हो पुढं," आई म्हणाली.

"मला तसलं काही नको आहे," मामा म्हणाला. "मला एवढंच कळतं की मी पडलो तर या वाडीत मला उचलायला साठीच्या आतला माणूस नाही. हे कुणाला सांगू?"

आई उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. दिवसभरात पहिल्यांदा ती दोघं एकाच बाजूला बसली होती. मग ती माझ्याकडं वळली.

"हजारो बायांना विचारलं मी, किती आहेत म्हणून. झालेली किती, राहिलेली किती. तुला किती हवी होती गं?"

"दोन," मी म्हणाले.

मामानं विचारलं, "मग?"

मी सांगायला लागले. लेक झाली २०१४ मध्ये, तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती. ती संपली तेव्हा ही अजून अंगावर पीत होती. सकाळी सातला तिला पाळणाघरात सोडायचं आणि धावत स्टेशन गाठायचं. संध्याकाळी गाडी उशिरा आली की पाळणाघराच्या बाईंचा फोन. ह्यांची रात्रपाळी. घराचा हप्ता. ती तीन वर्षांची झाली तेव्हा दुसऱ्याचा विचार आम्ही खरंच केला होता. रजा तोवर सव्वीस आठवड्यांची झाली होती. कागद घेऊन बसलो, खर्च मांडला, वेळ मांडला. पैसे ओढूनताणून बसत होते, पण बाळाजवळ बसायला माणूस बसत नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन-तीन महिने रोज बोललो आणि मग बोलायचं सोडून दिलं.

आई ऐकत होती.

"मी आले असते की गं राहायला," ती म्हणाली.

२०१७ साली आई निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. तिनं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.